योसेफाच्या गोष्टीचा शेवट आणि बिशप क्राउदर



आजचा शास्त्रभाग : उत्पत्ती ५०:१५-२१

गेले दोन आठवडे आपण योसेफाबरोबर चालतोय. आज शेवटचा टप्पा. याकोब वारला आहे. भावांच्या पोटात भीतीचा गोळा आलाय, की बाप होता तोवर ठीक होतं, आता हा आपला हिशेब चुकता करणार. आणि योसेफ रडतो. तो त्यांना धीर देतो, की तुम्ही माझं वाईट योजलंत खरं, पण देवाने त्यातून चांगलं घडवलं, पुष्कळांचे जीव वाचवले.

संडे स्कूलपासून मला ही गोष्ट आवडते. आधी खड्डा, मग तुरुंग, मग राजवाडा. आलेख कसा खालून वर जातो. पण खरं सांगू? गेल्या मार्चपासून हाच भाग मला टोचत होता.

तुमच्यापैकी काहींना माहीत आहे, मी सॉफ्टवेअरमध्ये आहे. चार वर्षं खपून जी सिस्टीम मी शून्यापासून उभी केली होती, ती माझ्याकडून काढून घेतली. नव्या मॅनेजरने पंधरा मिनिटांचा व्हिडिओ कॉल केला. वयाने तो माझ्यापेक्षा लहान. माझ्या चुकांची यादी वाचून दाखवली. त्यातल्या दोन चुका खरोखर माझ्या होत्या, म्हणून जास्तच झोंबलं. नंतर कितीतरी दिवस प्रार्थनेला बसलो की डोक्यात तोच कॉल पुन्हा सुरू व्हायचा. आणि योसेफ वाचला की वाटायचं, तुझं बरं आहे बाबा, तुझ्या गोष्टीत शेवटी भाऊ पाया पडायला येतात. ज्यांच्या गोष्टीत कुणीच येत नाही त्यांनी काय करायचं?

त्या दिवसांत मी सॅम्युएल अजायी क्राउदर यांच्याबद्दल वाचत होतो. आफ्रिकेतले पहिले कृष्णवर्णीय अँग्लिकन बिशप. त्यांच्या आयुष्याचा पहिला अर्धा भाग अगदी योसेफाचा आहे. शेवटचा भाग अजिबात नाही. म्हणूनच आज त्यांच्याबद्दल लिहितोय. पोस्ट नेहमीपेक्षा मोठी आहे, पण जमलं तर एका बैठकीत वाचा.

ओसोगुनचा मुलगा

आजच्या नायजेरियाच्या नैर्ऋत्य भागात योरुबा लोकांचा प्रदेश आहे. तिथल्या ओसोगुन नावाच्या गावात १८०९ च्या सुमारास अजायीचा जन्म झाला. अजायी हे नाव योरुबात जन्मताना पालथ्या आलेल्या बाळाला ठेवतात. त्या काळात ओयोचं मोठं राज्य मोडकळीला आलं होतं, गावागावांत लढाया चालू होत्या. लढाई म्हणजे कैदी, आणि कैदी म्हणजे किनाऱ्यावर विकायचा माल.

१८२१ मध्ये एका सकाळी, घरात न्याहारीची तयारी चालू असताना, गावावर हल्ला झाला. वडील धावत आले, बायकामुलांना पळायला सांगितलं आणि स्वतः लढायला परत गेले. अजायीने त्यांना पुन्हा कधी पाहिलं नाही. तो, आई आणि बहिणी पकडले गेले. गळ्यात दोर अडकवून सगळ्यांना चालवत नेलं. मागे गाव जळत होतं. तेव्हा तो बारा-तेरा वर्षांचा होता.

मग विक्री सुरू झाली. आधी त्याला एका घोड्याच्या बदल्यात दिलं. घेणाऱ्याला घोडा पसंत पडला नाही, म्हणून सौदा मोडला आणि तो परत आला. मग पुन्हा विक्री, पुन्हा नवा मालक. आईशी ताटातूट झाली. आता आपल्याला पोर्तुगीज व्यापाऱ्यांना विकणार या भीतीने त्याने एकदा कमरेच्या पट्ट्याने स्वतःचा गळा आवळून जीव द्यायचाही विचार केला. धीर झाला नाही. पुढे दारू आणि तंबाखूच्या बदल्यात तो विकला गेला आणि शेवटी लागोसच्या किनाऱ्यावर पोचला. तिथे लहान मुलांना मोठ्या माणसांबरोबर एकाच साखळीत बांधत. माणसं हलली की साखळी मुलांच्या मानेला काचायची.

एप्रिल १८२२ मध्ये त्याला दीडशेहून जास्त माणसांबरोबर एका पोर्तुगीज जहाजात भरलं. तेव्हा ब्रिटनने गुलामांचा व्यापार बंद करून पंधरा वर्षं झाली होती. त्याआधी याच व्यापारावर ब्रिटनने अफाट पैसा केला होता, हे विसरायला नको. आता ब्रिटिश आरमाराची जहाजं त्या किनाऱ्यावर गस्त घालत होती. त्यांपैकी 'मिर्मिडन' या जहाजाने पोर्तुगीज जहाज पकडलं आणि माणसांना सोडवलं.

पण सुटका झाली हे त्या मुलांना कुठे कळत होतं? मिर्मिडनवर डुकराचं मांस टांगलेलं होतं आणि तोफेचे गोळे रचून ठेवले होते. मुलांना वाटलं, ते मांस आपल्या सोबत्यांचं आहे आणि गोळे म्हणजे त्यांची डोकी. अजायीने जवळ जाऊन नीट बघून खात्री केली तेव्हा कुठे जीव भांड्यात पडला. मी इथे थांबलो होतो. देव वाचवत असतो तेव्हाही आपल्याला ते वाचवणं वाटतंच असं नाही. कधी कधी ते फक्त आणखी एक जहाज वाटतं.

सॅम्युएल

सुटका झालेल्यांना सिएरा लिओनच्या फ्रीटाउनला नेत. तिथे चर्च मिशनरी सोसायटीच्या शाळा होत्या. (याच सोसायटीचं आपल्याकडेही एक काम होतं. हिंदी महासागरात अशाच सोडवलेल्या आफ्रिकन मुलांपैकी काही मुंबईमार्गे नाशिकच्या शरणपूरला आली, तिथे शिकली. शरणपूर रोडवरून गेलात तर आठवण ठेवा.)

अजायी सहा महिन्यांत नवा करार वाचायला लागला. सुतारकामही शिकला. ११ डिसेंबर १८२५ रोजी त्याचा बाप्तिस्मा झाला. लंडनच्या एका पाळकाचं नाव त्याने घेतलं आणि अजायीचा सॅम्युएल क्राउदर झाला. आपल्या मराठी शास्त्रात सॅम्युएल म्हणजे शमुवेल. देवाने लहानपणीच हाक मारलेला मुलगा. हे नाव लक्षात ठेवा, पुढे त्याची गरज लागणार आहे.

१८२६ मध्ये तो थोडे महिने इंग्लंडला शिकून आला. १८२७ मध्ये फ्रीटाउनजवळ फुरा बे कॉलेज निघालं, त्याच्या पहिल्या विद्यार्थ्यांत त्याचं नाव आहे. पुढे शिक्षक झाला. लग्न केलं ते असानोशी, म्हणजे सुझनशी. तीही त्याच्यासारखीच गुलामांच्या जहाजातून सुटलेली होती.

१८४१ मध्ये ब्रिटनने नायजर नदीवर मोठी मोहीम काढली. तीन आगबोटी, दीडशेच्या आसपास युरोपीय माणसं. बहुतेकांना तापाने गाठलं आणि चाळीसच्या वर माणसं मेली. त्या मोहिमेत क्राउदर आणि जे. एफ. शॉन नावाचे जर्मन मिशनरी होते. परत आल्यावर शॉन यांनी सोसायटीला स्पष्ट कळवलं, की आफ्रिकेत सुवार्ता न्यायची तर ती आफ्रिकन माणसांनीच नेली पाहिजे, आणि क्राउदरला दीक्षा द्यावी. १८४३ मध्ये लंडनमध्ये ती झाली. जानेवारी १८४४ मध्ये फ्रीटाउनला रेव्हरंड क्राउदर यांनी योरुबा भाषेत उपासना घेतली. दुसऱ्यांच्या भाषेत देव ऐकत आलेल्या लोकांनी तो आपल्या भाषेत ऐकला.

आईचा हात

मग ते आपल्या मुलखात परत निघाले. बरोबर हेन्री टाउनसेंड आणि गोल्मर हे युरोपीय सहकारी होते. वाटेत बडाग्रीला त्यांना दीड वर्ष अडकून पडावं लागलं. शेवटी ऑगस्ट १८४६ मध्ये ते अबेओकुटाला पोचले. युद्धात उद्ध्वस्त झालेल्या गावांतून पळून आलेल्या लोकांनी एका मोठ्या खडकाच्या आश्रयाने हे शहर वसवलं होतं.

आणि तिथे, २१ ऑगस्ट १८४६ रोजी, त्यांची आई त्यांना भेटली. आफाला तिचं नाव. मधे पंचवीस वर्षं गेली होती. ती जवळच्याच एका गावात राहत होती. मुलगा आलाय असं कळल्यावर ती आली आणि थरथरत उभी राहिली. दोघांनी हात धरले आणि नुसते एकमेकांकडे बघत राहिले. ना तिला बोलता येईना ना त्यांना. बहिणीही भेटल्या.

योसेफाने भावांना स्वतःची ओळख दिली तेव्हा तो इतक्या मोठ्याने रडला, की मिसरी लोकांना ऐकू गेलं. इथे उलट सगळं शांत होतं. पण गोष्ट तीच आहे ना? ज्यांनी त्यांना विकलं त्यांच्या मनात यातलं काहीही नव्हतं. आणि तरी आता आई पुढ्यात उभी होती आणि मुलाच्या हातात पवित्र शास्त्र होतं.

दीडेक वर्षाने, ५ फेब्रुवारी १८४८ रोजी, आफालाचा बाप्तिस्मा झाला. मुलाच्याच हातून. नाव काय ठेवलं असेल? हन्ना. शमुवेलाची आई.

योसेफाची गोष्ट इथे संपवली असती तर सुंदर झाली असती. पण क्राउदर अजून चाळिशीतच होते.

शब्दांचं काम

क्राउदर यांचं जे काम आजही चालू आहे, ते शब्दांचं. योरुबा ही सुरांची भाषा आहे. 'ओको' हा एक उच्चार घ्या. सूर बदलला की त्याचा अर्थ नवरा, कुदळ, भाला किंवा नाव, म्हणजे होडी, असा होतो. आपल्याकडे ऱ्हस्व-दीर्घ चुकलं तर दिनाचा दीन होतो, तिथे नुसता आवाज वर-खाली झाला तरी वाक्याचं वाटोळं. ही भाषा रोमन लिपीत नीट बसवण्याच्या कामात क्राउदर यांचा मोठा वाटा होता. त्यांनी तिचा शब्दसंग्रह आणि व्याकरण छापलं, म्हणी गोळा केल्या. म्हाताऱ्याकोताऱ्यांमध्ये बसून ते शब्द टिपायचे. धर्मातल्या गोष्टींना लोकांचे स्वतःचे शब्द कोणते, हे ऐकायचे.

१८५० च्या सुमारास रोमकरांस पत्र योरुबात छापून आलं. मग एकेक पुस्तक येत गेलं. टॉमस किंग आणि इतर सहकाऱ्यांच्या मदतीने चाललेलं हे काम १८८४ मध्ये संपूर्ण योरुबा बायबलपर्यंत पोचलं. आपल्याकडे पहिली मराठी भाषांतरं परदेशी मिशनऱ्यांच्या पुढाकाराने झाली, आणि पंडिता रमाबाईंचं मूळ भाषांवरून केलेलं भाषांतर त्यानंतर कितीतरी वर्षांनी, १९२४ मध्ये आलं. योरुबात मात्र सुरुवातीपासूनच ती भाषा आईच्या दुधाबरोबर मिळालेला माणूस कामाच्या केंद्रस्थानी होता.

१८६२ मध्ये त्यांच्या घराला आग लागली. अनेक वर्षांच्या नोंदी, जमवलेले शब्द आणि म्हणी जळून गेल्या. बॅकअप नावाची चीज नव्हती. एकदा माझी दोन दिवसांची न साठवलेली फाईल उडाली तेव्हा मी जेवलो नव्हतो. ते परत बसले आणि पुन्हा लिहायला लागले.

नायजर नदीवर

१८५४ मध्ये नायजरवर पुन्हा मोहीम निघाली. प्रमुख होते डॉ. बेकी. या वेळी सगळ्यांना रोज क्विनाइन दिलं आणि तापाने एकही माणूस दगावला नाही. वैद्यकाच्या इतिहासात ही मोठी गोष्ट मानतात. तुम्हीही ती लक्षात ठेवा. या औषधामुळेच पुढे क्राउदर यांच्या आयुष्याला वेगळं वळण लागलं.

१८५७ मध्ये तिसरी मोहीम झाली. त्यात जहाज खडकावर आदळून फुटलं, पण त्याच वर्षी ओनित्शा इथे इग्बो लोकांमध्ये मिशन सुरू झालं. ते जॉन टेलर या आफ्रिकन पाळकांच्या हाती दिलं. क्राउदर यांनी इग्बो भाषेची पहिली वाचनपुस्तिका तयार केली.

लंडनमध्ये सोसायटीचे सचिव होते हेन्री व्हेन. त्यांचा विचार त्या काळाच्या पुढचा होता. प्रत्येक देशातल्या मंडळीने स्वतःचा कारभार स्वतः करावा, खर्च स्वतः उचलावा आणि सुवार्ताही स्वतः पसरवावी. परदेशी मिशन म्हणजे नुसती परांची, इमारत उभी राहिली की ती काढायची. व्हेन यांना या विचाराचं जिवंत उदाहरण हवं होतं, आणि त्यांच्या नजरेसमोर एकच नाव होतं. क्राउदर तयार नव्हते, व्हेन यांनी गळ घातली. तिकडे टाउनसेंड आणि इतर युरोपीय मिशनऱ्यांचा विरोध होता. आफ्रिकन बिशपला आफ्रिकन लोकच मान देणार नाहीत, असं त्यांचं म्हणणं होतं.

२९ जून १८६४, संत पेत्राचा सण. कँटरबरी कॅथेड्रल माणसांनी भरलं होतं. घोडा, दारू आणि तंबाखूच्या मोलाने विकला गेलेला मुलगा त्या दिवशी बिशप झाला. समोर कोण बसलं होतं माहितीये? मिर्मिडन जहाजाचे तेव्हाचे कप्तान हेन्री लीक, आता वृद्ध अॅडमिरल. आणि फ्रीटाउनला त्यांना अक्षरं शिकवणाऱ्या श्रीमती वीक्स. ऑक्सफर्डने त्याच वर्षी डॉक्टर ऑफ डिव्हिनिटी पदवी दिली.

पण सोहळ्यामागे एक तडजोड होती. बिशप म्हणून त्यांना मिळालेला प्रदेश होता ब्रिटिश राज्याच्या सीमेबाहेरचा पश्चिम आफ्रिका. अबेओकुटासारख्या ठिकाणी युरोपीय मिशनरी होते, ते त्यांच्या हाताखाली यायला तयार नव्हते. म्हणून ज्या भाषेचं त्यांनी आयुष्यभर काम केलं, तो आपला मुलूख त्यांना मिळाला नाही. नायजर मिळाली. तिथे इग्बो, नुपे, इजॉ असे अनेक लोक, आणि बहुतेक ठिकाणी त्यांनाच दुभाषा लागायचा. स्वतःचं जहाज नव्हतं, व्यापाऱ्यांच्या आगबोटींवर अवलंबून राहावं लागे. राहणं लागोसला आणि नदीला पाणी चढलं की वर्षातून एकदा वरच्या ठाण्यांना भेट.

तरी काम झालं. नदीच्या मुखाशी बॉनी हे पूर्वीचं गुलामांचं मोठं बंदर. तिथे घोरपडी पवित्र मानत, त्या घरादारांत हिंडत, त्यांना मारणं गुन्हा होता. १८६७ च्या ईस्टरला तिथल्या राजाने ती प्रथा मोडली. उत्तरेकडच्या मुसलमान अमीरांशी बिशप आदराने बोलत, वाद घालत नसत. त्यांनी काही विचारलं की शास्त्रातला भाग काढून वाचून दाखवत. त्याच १८६७ मध्ये इडाजवळ अबोक्को नावाच्या सरदाराने त्यांना आणि त्यांच्या मुलाला, डँडसनला, खंडणीसाठी धरून ठेवलं. सोडवायला गेलेले ब्रिटिश अधिकारी फेल विषारी बाणाने मारले गेले. गुलाम म्हणून सुरू झालेल्या आयुष्यात बिशप झाल्यावर पुन्हा एकदा बंदिवास!

शेवटची वर्षं

१८७३ मध्ये व्हेन वारले. जग बदलत होतं. क्विनाइनमुळे आता युरोपीय माणसं आफ्रिकेत राहू शकत होती. ज्या तापामुळे आफ्रिकन पाळकांची गरज भासली, तो ताप आटोक्यात आला तशी ती गरजही काहींना वाटेनाशी झाली. १८८४-८५ मध्ये बर्लिनला युरोपीय राष्ट्रांनी परिषद भरवून आफ्रिका वाटून घ्यायचे नियम ठरवले. नायजरवर इंग्रज व्यापारी कंपनीला सनद मिळाली. गोऱ्या माणसाने राज्य करायचं आणि काळ्याने ऐकायचं, हा त्या काळाचा मूड होता, आणि तो चर्चमध्येही शिरला.

इथे मला प्रामाणिक राहायला हवं. बिशपांच्या कामात दोष होते. त्यांची काही माणसं व्यापारात गुंतली होती, काही दारूत. ओनित्शाला तर मिशनच्या माणसांनी केलेल्या मारहाणीत एका मुलीचा जीव गेला, पुढे न्यायालयात त्यांना शिक्षा झाली. क्राउदर मनाने मऊ होते, माणसांवर पटकन विश्वास टाकायचे, आणि वर्षातून एकदा भेट देऊन लक्ष ठेवता येत नाही. त्या मुलीचा जीव ही छोटी गोष्ट नाही, आणि संतांची चरित्रं लिहिताना आपण असल्या गोष्टी गाळतो ते चुकतं.

पण पुढे जे झालं ते नुसती सुधारणा नव्हती. इंग्लंडहून तरुण मिशनऱ्यांची एक तुकडी आली. बहुतेक केंब्रिजच्या वातावरणातले, जळत्या उत्साहाचे, बिशपांच्या नातवंडांच्या वयाचे. त्यांना जवळजवळ सगळंच काम कुजलेलं दिसलं. ऑगस्ट १८९० मध्ये ओनित्शाला समितीची बैठक झाली. ऐंशी वर्षांचे बिशप समोर बसलेले असताना, त्यांना न विचारता, त्यांच्या पाळकांना एकामागून एक निलंबित केलं. त्यांत त्यांचा स्वतःचा मुलगा, आर्चडीकन डँडसन, होता. सव्वीस वर्षं बिशप असलेल्या माणसाला आपल्याच मंडळीत अधिकार उरला नव्हता. त्यांनी त्या समितीचा राजीनामा दिला.

चर्च मात्र सोडलं नाही. नदीमुखाच्या भागातल्या मंडळ्या स्वतःच्या खर्चाने, आफ्रिकन पाळकांच्या हाताखाली कशा उभ्या राहतील, या खटपटीला ते लागले. म्हणजे व्हेन यांनी जे शिकवलं होतं, तेच. मग अर्धांगाचा झटका आला. ३१ डिसेंबर १८९१ रोजी लागोसमध्ये ते देवाघरी गेले. त्यांच्या जागी युरोपीय बिशप नेमला गेला. त्या तरुण मिशनऱ्यांपैकी दोघे प्रमुख, रॉबिन्सन आणि ब्रुक, थोड्याच काळाच्या अंतराने लोकोजाला तापाने वारले. कुणी याला शिक्षा म्हणेल. मी म्हणणार नाही. तेही आपलं सगळं सोडून, देवासाठी म्हणूनच आले होते. चुकीची माणसंही प्रामाणिक असू शकतात, हेच तर जास्त त्रासदायक आहे.

कुणी पाया पडायला आलं नाही. कुणी माफी मागितली नाही.

मग गोष्ट कुठे संपते?

एका रात्री मी उत्पत्तीचा पन्नासावा अध्याय पुन्हा उघडला आणि लक्षात आलं, की मी नेहमी एकविसाव्या ओवीला थांबतो. संडे स्कूलमध्येही आपण तिथेच थांबायचो. पण अध्याय सव्विसाव्या ओवीला संपतो. तिथे काय आहे? योसेफ मरतो. मिसर देशात त्याला पेटीत ठेवतात. उत्पत्तीचं पुस्तक राजवाड्यात नाही, परक्या देशातल्या शवपेटीत संपतं. मरण्याआधी त्याने एवढंच सांगितलेलं असतं, की देव तुमची भेट घेईल तेव्हा माझ्या अस्थी इथून न्या. त्या अस्थी निर्गमाच्या पुस्तकात मोशे उचलतो, आणि यहोशवाच्या शेवटच्या अध्यायात त्या शखेमात पुरल्या जातात. कितीतरी पिढ्यांनंतर. म्हणजे योसेफानेही आपल्या गोष्टीचा शेवट पाहिला नाही. त्याने फक्त तो देवाच्या हाती दिला.

क्राउदर यांच्या अस्थी म्हणजे, मला वाटतं, ते शब्द. १८९२ मध्ये, त्यांच्या मृत्यूनंतर काही महिन्यांत, डँडसनच्या नेतृत्वाखाली नायजरच्या मुखाकडच्या मंडळ्यांनी स्वतःचा कारभार हाती घेतला. त्यांच्या मुलीचा मुलगा हर्बर्ट मॅकॉले, ज्या वर्षी आजोबा बिशप झाले त्याच वर्षी जन्मलेला, पुढे नायजेरियाच्या राष्ट्रीय चळवळीच्या जनकांपैकी एक झाला. योरुबा बायबल घराघरांत गेलं. नायजेरियाचं अँग्लिकन चर्च आज जगातल्या सगळ्यांत मोठ्या अँग्लिकन चर्चपैकी एक आहे. आणि २०१४ च्या जूनमध्ये, त्यांच्या अभिषेकाला दीडशे वर्षं झाली तेव्हा, त्याच कँटरबरी कॅथेड्रलमध्ये आर्चबिशप जस्टिन वेल्बी यांनी क्राउदर यांच्याशी झालेल्या वागणुकीबद्दल चर्चच्या वतीने क्षमा मागितली. भाऊ आले. एकशे तेवीस वर्षं उशिरा.

त्यांच्या आयुष्यापुढे माझ्या सिस्टीमचं दुःख म्हणजे काहीच नाही, हे मला कळतं. पण देव छोट्या दुःखातही शिकवतो. मी काय केलं ते सांगतो, फार काही नाही. माझ्या दोन चुका नव्या टीमला लिहून कळवल्या, लपवल्या नाहीत. आणि हस्तांतरणाची कागदपत्रं अशी लिहिली, की जणू ती सिस्टीम अजून माझीच आहे. लिहिताना राग येत होता. तरी लिहिली. आज ती नीट चालते असं ऐकतो. माझं नाव तिथे कुठे नाही. कधी कधी अजून टोचतं. पण प्रार्थनेला बसल्यावर तो कॉल आता पहिल्यासारखा सुरू होत नाही.

मित्रांनो, तुमच्यापैकी कुणी आज खड्ड्यात असेल, कुणी तुरुंगात. राजवाडा येईलच असं वचन मी देऊ शकत नाही, कारण शास्त्र तसं देत नाही. शास्त्र एवढंच सांगतं, की माणसांनी योजलेलं वाईट हे शेवटचं पान नसतं. ते पान देवाच्या हातात असतं, आणि कदाचित ते आपण गेल्यावर उलटलं जाईल.

आजचं मनन

१. उत्पत्ती ५०:२२-२६ आज मुद्दाम वाचा. योसेफाच्या शेवटच्या इच्छेत विश्वास कुठे दिसतो?

२. माझ्यावर झालेल्या टीकेत खरा भाग किती आहे? अन्यायाच्या रागात मी तो झाकून टाकतोय का?

३. आणि उलटही. चर्चमध्ये, ऑफिसात, घरी, मी त्या उत्साही तरुणांसारखा कुणा थकलेल्या माणसाचा अपमान करतोय का?

प्रार्थना

प्रभू येशू, तुझ्या सेवक सॅम्युएलसाठी मी तुझे आभार मानतो. ज्यांनी आम्हाला दुखावलं त्यांना क्षमा करायला शिकव, आणि ज्यांना आम्ही दुखावलं त्यांच्याकडे जायला, उशीर होण्याआधी, पाय दे. आमच्या हातून काढून घेतलेलं काम तुझ्या हातून निसटलेलं नाही, हे आज रात्री झोपताना आठवू दे. आमेन.

उद्यापासून निर्गम सुरू करतोय. पहिला अध्याय वाचून या.